खाडा

(लांब पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.)

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या मित्रांनी मला एकच पोस्ट पाठवली. एकाने वर लिहिलं होतं, "तुमच्याच भागातलं दिसतंय, अंगावर काटा आला." ट्रेकची गोष्ट होती. मुंबईहून आलेला अकरा जणांचा गट, जुलै महिना, घाटमाथ्यावर चढणारी एक नाळ, धुकं, पाऊस. त्यातला एक जण घसरतो, मांडीचं हाड मोडतं आणि मग रात्रभराची झुंज. पोरगा लिहितो छान. चार हजारांवर लाईक आहेत. खाली कॉमेंटमध्ये "सलाम तुमच्या जिद्दीला", "यावर पिक्चर निघायला हवा" वगैरे वगैरे.

मला ती गोष्ट जरा जास्त माहीत आहे, कारण त्या रात्री स्ट्रेचरच्या एका दांडीला मी होतो.

माझं घाटाखालच्या एका गावात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं डोंगरात फिरतोय आणि त्यातली चौदा वर्षं आमच्या भागातल्या एका रेस्क्यू गटात आहे. गट म्हणजे काय, तर दोन शिक्षक, एक रिक्षावाला, एक दूधवाला, एक नर्सताई, कॉलेजची तीन-चार पोरं आणि मी. फोन आला की शटर ओढायचं, सॅक उचलायची. पैसे मिळत नाहीत, आम्ही मागतही नाही. हौस आहे म्हणून करतो, त्यात त्याग वगैरे काही नाही. नाळेचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी पन्नास जण हजर होतील, त्यातले पाच जण चपला घालून.

ज्यांनी नाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डोंगराच्या दोन सोंडांच्या मधली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ म्हणजे नाळ. उन्हाळ्यात ती वाट असते, पावसाळ्यात ओढा.

तर त्या पोस्टमध्ये एक जागा आहे जिथे वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. मित्र जखमी होऊन नाळेत पडलेला आहे, मदत अजून यायची आहे, आणि "आम्ही प्रसंगावधान राखून त्याला बाजूच्या उंच कातळावर हलवलं. दहाच मिनिटांत त्याच जागेवरून पाण्याचा लोंढा गेला." सगळ्यात जास्त कॉमेंट याच वाक्यावर आहेत.

आता त्या वाक्यातला "आम्ही" कोण ते सांगतो.

पायथ्याच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. साठीच्या आसपासचे. आम्ही त्यांना बुवा म्हणतो, कारण वाडीतल्या भजनात ते पेटी वाजवतात. त्या दिवशी त्यांची आवणी चालू होती. (भाताची लावणी. आमच्याकडे आवणी म्हणतात.) सकाळी त्यांनीच या पोरांना हटकलं होतं, आज वर जाऊ नका, माथ्यावर काळं झालंय. पोरं हसून पुढे गेली. दुपारी अडीचच्या सुमारास त्यातला एक जण धापा टाकत खाली शेतात आला. बुवांनी हातातली मूठ तशीच बांधावर ठेवली, पुतण्याला आणि शेजारच्या एकाला हाक मारली, ताडपत्रीचा एक तुकडा, दोर आणि कोयता घेतला आणि तिघं वर गेले. आम्हाला फोन आला पावणेचारला, आम्ही जाग्यावर पोचलो सातला. तोवरचे तीन-साडेतीन तास त्या जखमी पोराजवळ ही तीन माणसं होती.

ती पोचली तेव्हा बाकीची पोरं मित्राला हलवू देत नव्हती. हाड मोडलेल्या माणसाला हलवायचं नसतं, असं त्यांनी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. पण बुवांचं लक्ष पोराच्या पायाकडे नव्हतं, पायाखालच्या पाण्याकडे होतं. नाळेतलं पाणी मघापर्यंत नितळ होतं, ते गढूळ झालं. मग त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या. वरून एक दबका घुमणारा आवाज यायला लागला, दूर कुठे लॉरी चढावाला लागल्यासारखा. याचा अर्थ माथ्यावर जोराची सर झालीय आणि ते पाणी निघालंय. नाळेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा पाऊस असेलच असं नाही. बुवांनी पोरांना अस्सल शिव्या घातल्या, ताडपत्रीची झोळी केली, जखमी पोराला त्यात ओढलं आणि तिघांनी मिळून वीसेक फूट वरच्या कातळावर नेलं. पोरगा वेदनेने किंचाळत होता. मग लोंढा आला.

हे मला बुवांनी नाही सांगितलं. त्या गटातल्याच एका मुलीने त्या रात्री रडत रडत सांगितलं.

आता बघा, पोस्टमध्ये बुवा नाहीत. पण त्यांच्याबरोबर आणखीही काहीतरी गळालंय. पाणी गढूळ झालं, पाला आला, आवाज आला, म्हणून हलवलं, हेही गळालं. राहिलं ते "प्रसंगावधान". आता चार हजार लोकांनी ती पोस्ट वाचली. त्यातले निदान शंभर जण पुढच्या पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या नाळेत उभे असतील. प्रसंगावधान राखायचं एवढं त्यांना कळलंय. गढूळ पाणी दिसलं की बाजूला व्हायचं, हे कळलेलं नाही. माझा राग श्रेयासाठी नाही. श्रेय गेलं चुलीत. ज्या माणसाला गोष्टीतून गाळलं, नेमकी त्याच्याजवळच ती माहिती होती जी पुढच्या माणसाला वाचवू शकली असती.

त्या पोराला मी दोष देत नाही, हेही सांगून टाकतो. तो बावीस-तेवीसचा आहे, घाबरला होता, आणि अशा गोष्टी जशा लिहायच्या असतात तशी त्याने लिहिली. अडचण त्या "लिहायच्या असतात" मध्ये आहे.

आपल्याकडच्या ट्रेकच्या गोष्टींचा एक साचा झालाय. "सह्याद्रीने आमची परीक्षा घेतली" हे वाक्य त्यात हवंच. (सह्याद्रीला दुसरी कामं आहेत.) मग निसरडा कातळटप्पा, घसारा, दृष्टिभय. दृष्टिभय हा शब्द मात्र मला फार आवडतो. पाय नीट टेकलाय, पकड चांगली आहे, पडण्याचं कारण नाही, तरी बाजूची दरी दिसते म्हणून जी भीती वाटते ती. हा शब्द घडवणारा माणूस डोंगरात खरोखर घाबरलेला असणार. असो. साच्यात पुढे येतात ते "मामा". "वाटेत एक मामा भेटले, त्यांनी वाट दाखवली." "एका मामांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली." गटातल्या अकराच्या अकरा जणांची नावं आडनावासकट टॅग केलेली असतात, आणि चार तास पुढे चालून वाट दाखवणारा माणूस फक्त मामा असतो. प्रेमानेच म्हणतात, मान्य. पण मामा म्हटलं की नाव विचारायची गरज उरत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. साहसाच्या गोष्टींचं जे सगळ्यात मोठं दुकान आहे, तिथे तर हे ठळक दिसतं.

१९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळ झालं, १० आणि ११ तारखेला. आठ माणसं गेली. जॉन क्राकाउर नावाचा अमेरिकन पत्रकार तेव्हा वर होता, त्याने पुढच्याच वर्षी 'इंटू थिन एअर' लिहिलं आणि ते जगभर गेलं. त्यात अनातोली बुक्रीव या कझाकस्तानहून आलेल्या मार्गदर्शकावर टीका होती, की तो ऑक्सिजनशिवाय चढला आणि गिऱ्हाइकांच्या आधी खाली आला. बुक्रीवने त्याच वर्षी सहलेखकाबरोबर स्वतःचं पुस्तक काढून उत्तर दिलं. वादळात तोच एकटा तंबूबाहेर पडून तीन माणसांना घेऊन आला होता, हे कुणीच नाकारत नाही. बेक वेदर्स या डॉक्टरला मेलेला समजून सोडून दिलं होतं. तो आपल्या पायांनी चालत आला आणि पुढे त्यानेही पुस्तक लिहिलं. एका वादळावर इतकी पुस्तकं. त्यावर सिनेमे निघाले, अजून वाद चालू आहेत.

त्याच मोहिमेत लोपसांग जांगबू नावाचा तरुण शेर्पा सरदार होता. एका गिऱ्हाईक बाईंना दोराने ओढत वर नेल्याबद्दल त्याच्यावरही बोट उचललं गेलं. त्याचं पुस्तक नाही. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच डोंगरावर, हिमकड्याखाली गेला.

आणि डोंगराच्या उत्तर बाजूला, तिबेटकडून, त्याच वादळात तीन भारतीय होते. इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे जवान, तिघेही लडाखचे. त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप, त्सेवांग पालजोर. शिखरावर पोचलो, असं त्यांनी वायरलेसवर खाली कळवलं होतं. ते खरोखर शिखर होतं की थोडं अलीकडे थांबले होते, यावर पुढे वाद झाला. तिघांपैकी कुणी परत आलं नाही. त्यातल्या एकाचा, बहुतेकांच्या मते पालजोरचा, देह वाटेतल्या एका कपारीत वर्षानुवर्षं पडून होता. पायात हिरवे बूट. येणारे-जाणारे गिर्यारोहक त्याला 'ग्रीन बूट्स' म्हणायला लागले, आणि ती वाटेतली खूण झाली. हिरव्या बुटांपाशी पोचलो, आता इतके तास राहिले, असा हिशोब. पुस्तकांमधून, मुलाखतींमधून, फोटोंखाली तेच नाव. एका भारतीय जवानाचं नाव बुटावरून पडलं.

आपल्यापैकी किती जणांना १९९६ म्हटल्यावर क्राकाउर आठवतो आणि किती जणांना पालजोर, हे स्वतःलाच विचारून बघा.

जो परत येतो तो लिहितो, हे उघडच आहे. मेलेला माणूस लिहू शकत नाही. पण परत आलेल्यांमध्येही सगळे लिहीत नाहीत. ज्याच्याजवळ भाषा आहे, वेळ आहे, मोबाईलला रेंज आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलात उतरायचं नाहीये, तो लिहितो.

आणि गोष्टीचा बाजार इतका तेजीत आहे की काही वेळा चढायचीही गरज पडत नाही. २०१६ मध्ये पुण्याच्या पोलिस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट चढल्याचं जाहीर केलं. सत्कार झाले, बातम्या आल्या. मग कळलं की शिखरावरचे फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे होते, त्यावर यांनी स्वतःला बसवलं होतं. नेपाळ सरकारने प्रमाणपत्रं रद्द केली आणि दहा वर्षांची बंदी घातली. पुढे नोकरीही गेली. मला त्यात सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की आपल्या वर्तमानपत्रांत सत्काराच्या बातम्या आल्या तेव्हा "तुमच्याबरोबर शेर्पा कोण होते, त्यांच्याशी बोलता येईल का" हा साधा प्रश्न बहुधा कुणाला सुचलाच नाही. तो पहिल्या दिवशी विचारला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

बरं, मराठीत धोक्याचा प्रवास लिहिण्याची परंपरा नाही असंही नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, म्हणून काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि सापडले नेमके सत्तावनच्या धामधुमीत. झाशीच्या वेढ्यात हा माणूस आत होता. वाटेत लुटले गेले, मिळवलेलं गेलं. परत आल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्यांनी 'माझा प्रवास' लिहिलं आणि ते छापलं गेलं १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात. जमलं तर वाचा. भटजी भीती लपवत नाहीत. कुठे लपलो, कुठे पाणी मिळेना, कुणी आसरा दिला, कुणी जेवू घातलं, कुठे किती दक्षिणा मिळाली, सगळं घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगतात. स्वतःला शूर दाखवायची त्यांना गरजच वाटत नाही. ते साहसासाठी गेलेच नव्हते, पोटासाठी गेले होते. हा फरक मोठा आहे. आपण रविवारी मुद्दाम जोखीम घ्यायला जातो, आणि घरी येऊन ती जोखीम आपल्यावर चालून आली असं लिहितो.

जोखीम घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पंचवीस वर्षांत मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं भिजत, घाबरत, अंधारात शिकलोय. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पहिल्यांदा मागे वळून पाहिलं तेव्हा पोटात जे झालं, ते मी कशाशी बदलणार नाही. मुद्दा एवढाच आहे की जोखमीचं बिल कोण भरतो.

आता बुवांकडे येतो, म्हणजे बिल कळेल.

त्या रात्री आम्ही नऊ जण होतो. नर्सताईंनी पायाला खपाच्या बांधल्या, पोराला स्ट्रेचरवर घेतलं आणि आठ वाजता उतरायला सुरुवात केली. ज्यांनी कधी स्ट्रेचर वाहिलं नाही त्यांना वाटतं, चार माणसं पुरे. सपाट रस्त्यावर पुरत असतील. नाळेत एका वेळी सहा-आठ लागतात, दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलावे लागतात, शिवाय पुढे बॅटरी धरून वाट दाखवणारे, मागे दोर धरणारे. दोन ठिकाणी कातळटप्पा होता, तिथे झाडाला आणि दगडाला अँकर करून स्ट्रेचर दोरावर सोडलं. वाडीतली चौदा माणसं आली नसती तर ते पोर सकाळपर्यंत वरच राहिलं असतं. रात्री अडीचला आम्ही खाली पोचलो, १०८ ची गाडी उभी होती.

चौदा माणसं. पोस्टमध्ये: "स्थानिकांच्या मदतीने." दोन शब्द.

आठवड्याभराने मी वाडीत गेलो, आमचा एक दोर राहिला होता. बुवांना म्हटलं, मी यावर लिहिणार आहे, तुमचं नाव घालतो. तर ते म्हणाले, "नाव कशाला टाकतोस भाऊ? नाव टाकलंस तर फॉरेस्टवाले विचारायला येतील, पर्यटकांचे फोन येतील. नाव नको. खाडा पडला त्याचं बोल."

खाडा. कामावर न गेलेला दिवस. बुवांची स्वतःची आवणी चालू होती, पण त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने जाणारे. दुपारी अर्धं काम टाकून वर आले, तो दिवस गेला. रात्रभर वाहून सकाळी अंग उचलेना, म्हणून दुसरा दिवस गेला. आमच्याकडे आवणीची मजुरी पाचशे रुपये आणि एक वेळचं जेवण. म्हणजे माणशी हजार. आवणीचे दिवस हे वर्षातले नगद पैशाचे दिवस. ट्रेकिंगचा हंगाम नेमका तोच, अपघातही तेव्हाच. एका पावसाळ्यात त्या वाडीतल्या लोकांना असं तीन वेळा जावं लागलं.

मी खरं सांगतो, मला अपेक्षा होती की ते म्हणतील, "पोर वाचलं, भरून पावलो." तेही वाटत असणारच. पण माणूस पोर वाचल्याचा आनंद मानूनही पाचशे रुपयांचा हिशोब करू शकतो. आपल्या गोष्टींना मात्र गावचा माणूस निव्वळ देवमाणूस लागतो. देवमाणसाला मजुरी द्यावी लागत नाही, हा त्यातला फायदा.

नेपाळमध्ये हा हिशोब उघडपणे मांडला गेला. २०१४ च्या १८ एप्रिलला खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते दुसऱ्यांसाठी दोर आणि सामान वर नेत होते. सरकारने सुरुवातीला घरच्यांना जाहीर केले चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पा चिडले, काम थांबवलं, त्या बाजूचा तो हंगाम जवळपास बंदच पडला. मग विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. पंधरा लाखही काही फार नाहीत. पण गिर्यारोहकांच्या शंभर पुस्तकांनी जे झालं नाही, ते काम थांबवल्याने झालं.

आपल्या वाडीतली माणसं काम थांबवणार नाहीत, कारण हे त्यांचं काम नाहीच. पोर पडलंय म्हटल्यावर "आज नाही येत" असं कोण म्हणेल?

सरकारला अशा गोष्टी कळत नाहीत असं नाही. दहीहंडीच्या गोविंदांना राज्य सरकारने २०२२ मध्ये विम्याचं कवच जाहीर केलं. चांगलंच केलं, थरावरून पडणारी पोरं गरिबाघरचीच असतात. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं, आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं ठेवावीत, वगैरे. कागदावर बरंच नीट आहे. आपत्ती व्यवस्थापनात नोंदलेल्या स्वयंसेवकांसाठीही योजना आहेत. पण हातातली मूठ बांधावर ठेवून वर धावणारा माणूस कुठल्या नोंदीत असतो? उद्या स्ट्रेचर वाहताना त्याचाच पाय मोडला तर? आमच्या गटाचा अपघात विमा आम्ही वर्गणी काढून भरतो. वाडीतल्या माणसाचा कोण भरणार?

अपघात झाला की आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे मनाईहुकूम. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर ठिकठिकाणी बंदीचे आदेश निघाले. प्रशासनाची अडचण मला समजते, शनिवार-रविवारच्या गर्दीपुढे चार पोलिस काय करणार. पण बंदीने काय होतं ते आम्ही दरवर्षी बघतो. राजरोस वाटेवर हवालदार उभा राहतो, म्हणून पोरं आडवाटेने जातात, जिथे ना वाटाड्या ना वस्ती. आणि वाडीतली जी चार घरं दीडशे-दोनशे रुपयांत जेवण घालून पावसाळ्यात चार पैसे मिळवतात, त्यांचा धंदा बसतो. म्हणजे बचावाला तीच माणसं, आणि तोटाही त्यांनाच.

मला विचाराल तर सरकारने फार काही करू नये. माणशी नऊशे-बाराशे रुपये घेऊन साठ-साठ जणांना डोंगरात नेणारे जे आयोजक आहेत, त्यांच्याकडून दर माणशी वीस रुपये पायथ्याच्या ग्रामपंचायतीत जमा करून घ्यावेत. पावती फाडावी. त्यातून बचावकार्यात गेलेल्यांचा खाडा भरावा, एक स्ट्रेचर आणि दोन चांगल्या बॅटऱ्या वाडीतल्या शाळेत ठेवाव्यात, दहा-पंधरा जणांचा विमा काढावा. यात काय चुकतंय ते जाणकारांनी कॉमेंटमध्ये सांगा, मी दुकानदार माणूस आहे. फक्त "सिस्टीमच खराब आहे" एवढंच लिहू नका.

आणि जे लिहितात त्यांना विनंती. थरार लिहा, जरूर लिहा, मीही चवीने वाचतो. पण किती वाजता निघालात, कुठे उशीर झाला, परत फिरायचं कुठे ठरत होतं आणि कुणी नको म्हटलं, तेही लिहा. कुणी काय पाहून काय केलं ते लिहा. वाटाड्याला त्याचं नाव घालू का म्हणून विचारा, हो म्हणाला तर घाला, नाही म्हणाला तर नका घालू, पण त्याने सांगितलेलं त्याच्या तोंडी ठेवा, स्वतःच्या तोंडी नको. वाटाड्याला किती पैसे दिले तेही लिहायला हरकत नाही. पेट्रोलचा खर्च लिहिताच ना?

सरकार काय करेल ते करो, आमच्या गटाने यंदापासून एक केलंय. शंभर पानी वही घातलीय. बचावाला वाडीतून जो कोणी येईल त्याचं नाव, तारीख आणि खाडा किती दिवसांचा, एवढंच लिहितो. वही बुवांच्या पुतण्याकडे असते. पैसे आम्ही वर्गणीतून देतो, आणि ज्यांना खाली आणलं त्यांच्याकडेही मागतो. पहिल्यांदा मागताना तोंड उघडत नव्हतं, आता सवय झालीय. काही लगेच देतात. काही म्हणतात की तुम्ही तर सेवा करता ना. ज्या पोराची मांडी मोडली होती त्याच्या वडिलांनी न मागता पंधरा हजार पाठवले आणि पाठोपाठ फोन करून विचारलं की चौदा माणसांना नीट पुरतील ना.

काल संध्याकाळपर्यंत यंदाच्या वहीत सव्वीस खाडे झालेत. एकोणीस दिलेत. सात बाकी आहेत, त्यातले दोन बुवांचे.